पिस्तूल घेऊन राज्याची हद्द ओलांडताना: अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत पिस्तूल असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. कुणाचं गॅस स्टेशन रात्री उशिरापर्यंत उघडं असतं, कुणाचं घर गावापासून लांब असतं, कुणाला रेंजवरच्या नेमबाजीची आवड लागलेली असते. घरात शस्त्र कसं ठेवायचं हे बहुतेकांनी नीट समजून घेतलेलं असतं. अडचण होते ती लाँग वीकेंडला गाडी राज्याबाहेर निघते तेव्हा. पेन्सिल्व्हेनियात पूर्णपणे कायदेशीर असलेली गोष्ट डेलावेअर नदीवरचा पूल ओलांडल्याबरोबर न्यू जर्सीत गंभीर गुन्हा ठरू शकते. पूल ओलांडायला दोन मिनिटं लागतात, खटला वर्षानुवर्षं चालतो. मी वकील नाही, पण परवानाधारक आहे आणि या विषयाचं वाचन मनापासून करतो. कायदे दरवर्षी बदलतात, म्हणून निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या पोलिसांच्या किंवा ॲटर्नी जनरलच्या संकेतस्थळावर ताजी माहिती पाहाच.

मी एच-१बीवर आहे. मित्राच्या टेक्सासच्या घरी गेल्यावर त्याची गन हाताळली तर चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात आधी घेतो, कारण आपल्या लोकांचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होऊ शकतं. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. राज्य कुठलं, याने काहीही फरक पडत नाही. टेक्सास कितीही मोकळं असो, ही बंदी केंद्र सरकारची आहे. ‘बाळगणं’ म्हणजे विकत घेणंच असं नाही. रेंजवर भाड्याची पिस्तूल हातात घेणंही त्यात येतं. शिक्षेची कमाल मर्यादा २०२२ मध्ये १० वर्षांवरून १५ वर्षांवर नेली आहे.

या बंदीला एक ठळक अपवाद आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला शिकारीचा परवाना तुमच्याकडे असेल आणि त्याची मुदत संपलेली नसेल, तर ही बंदी लागू होत नाही. काही जण तेवढ्यासाठी हा परवाना काढतात आणि ते कायदेशीर आहे. पण परवाना सहसा वर्षाचा असतो आणि त्याची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी अपवादही संपतो. घरात राहिलेली गोळ्यांची पेटीसुद्धा मग अडचणीची ठरते.

ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित आहे, ईएडी (काम करायची परवानगी देणारं कार्ड) हातात आहे, म्हणून मोकळीक मिळाली असं समजू नका. कार्ड मिळेपर्यंत व्हिसाचेच नियम लागू राहतात.

ग्रीन कार्ड आहे. मग आता नागरिकांसारखंच ना?

विकत घेणं आणि बाळगणं यासाठी बऱ्याच अंशी होय. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, परवान्याशिवाय शस्त्र बाळगायची मुभा देणाऱ्या राज्यांपैकी काहींनी ती सगळ्यांना दिलेली नाही. आयडाहोत ती मुख्यतः अमेरिकी नागरिकांसाठी आहे. दुसरी गोष्ट फार गंभीर आहे. बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या बिगर-नागरिकाला हद्दपार करता येतं. त्यामुळे एखाद्या नागरिकाच्या बाबतीत जी चूक दंड आणि प्रोबेशनवर निभावते, तीच तुमच्या बाबतीत वीस वर्षांचा संसार, घर आणि मुलांची शाळा यांच्या मुळावर येते. वकील ‘छोट्या कलमाखाली कबुली देऊन टाकू’ म्हणाला, तरी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

माझ्या राज्याचं कॅरी पर्मिट (शस्त्र अंगावर घेऊन फिरायचा परवाना) दुसऱ्या राज्यात चालत नाही का? ड्रायव्हिंग लायसन्स तर चालतं.

ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं, म्हणून पर्मिटही चालत असेल असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तसं नाही. कोणत्या परक्या राज्याचं पर्मिट मानायचं, हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. काही राज्यं सगळ्यांची मानतात, काही निवडक राज्यांची मानतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड, कॅलिफोर्निया, हवाई ही राज्यं बाहेरचं पर्मिट मानत नाहीत. इलिनॉयही मानत नाही, पण तिथे एक सवलत आहे: आपल्या राज्यात शस्त्र बाळगायला पात्र असलेला प्रवासी गाडीत ते ठेवू शकतो. गाडीतून उतरताना मात्र ते गाडीतच कुलूपबंद ठेवून जावं लागतं.

न्यूयॉर्कचं आणखी एक वेगळेपण आहे. न्यूयॉर्क राज्याचं पिस्तुलाचं लायसन्स न्यूयॉर्क शहरात आपोआप चालत नाही. त्यासाठी शहराची वेगळी परवानगी लागते. ऑल्बनीजवळ राहणाऱ्या परवानाधारकालाही मॅनहॅटनमध्ये पिस्तूल कमरेला लावून फिरता येत नाही.

याच्या उलट टोकाला व्हर्माँट आहे. तिथे शस्त्र बाळगायला परवाना कधीच लागत नव्हता. २०२४ पर्यंत व्हर्माँट धरून २९ राज्यांत परवान्याची अट उरलेली नव्हती. तरीही आपल्या राज्याचं पर्मिट काढून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. परराज्यात मान्यता मिळते ती पर्मिटला. शिवाय शाळांजवळच्या नियमात ते कसं उपयोगी पडतं, ते पुढे येईलच.

२०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ‘बाहेर शस्त्र बाळगणं हा हक्क आहे’ असा निकाल दिला. मग राज्यं कसं अडवतात?

तो निकाल २३ जून २०२२ चा, न्यूयॉर्कच्या कायद्याविरुद्धचा. ‘खास कारण दाखवा, मगच परवाना देऊ’ ही अट त्याने रद्द केली. परवाना लागतो ही गोष्ट रद्द केली नाही आणि एका राज्याचा परवाना दुसऱ्यावर बंधनकारकही केला नाही. त्यानंतर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने शस्त्रबंदी असलेल्या जागांची लांबलचक यादी केली आणि त्यावर कोर्टात भांडणं सुरू झाली. सगळ्या राज्यांनी एकमेकांचं पर्मिट मानावं असं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं होतं, पण सिनेटमधून पुढे गेलं नाही. तेव्हा ‘आता सगळीकडे चालतं म्हणे’ या व्हॉट्सॲपवरच्या बोलण्यावर भरवसा ठेवून गाडी काढू नका.

मग न मानणाऱ्या राज्यातून नुसतं पार जायचं असेल तर?

यासाठी १९८६ चा संघीय कायदा आहे: फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट. लोक त्याला ‘फोपा’ म्हणतात. त्याच्या अटी थोडक्या आहेत, पण प्रत्येक अट पुरी व्हावी लागते. जिथून निघालात तिथे शस्त्र बाळगणं आणि सोबत घेऊन फिरणं कायदेशीर हवं. जिथे पोहोचणार तिथेही हवं. शस्त्र रिकामं हवं. शस्त्र आणि गोळ्या दोन्ही, गाडीत बसलेल्या माणसाच्या हाताशी येतील अशा जागी नकोत, म्हणजे डिकीत हव्यात. एसयूव्ही किंवा मिनीव्हॅनला वेगळी डिकी नसते. तिथे दोन्ही कुलूपबंद पेटीत हव्यात आणि ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा ही पेटी धरली जात नाही, मग त्याला कुलूप का असेना.

पेन्सिल्व्हेनियातून न्यू हॅम्पशायरला जाणारं कुटुंब घ्या. न्यू हॅम्पशायरमध्ये बाहेरच्या माणसालाही परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येतं, म्हणजे दोन्ही टोकं कायदेशीर झाली. मधे न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्स येतात. डिकीत कुलूपबंद, रिकामं शस्त्र घेऊन सरळ गेलात तर फोपाचं संरक्षण आहे. पण त्याच गाडीने बोस्टनला भावाकडे चार दिवस मुक्काम ठोकलात तर ते उरत नाही, कारण आता बोस्टन हाच मुक्काम झाला आणि तिथे तुमच्याकडे परवाना नाही. न्यू जर्सीत नातेवाइकाकडे जाणाऱ्या पेन्सिल्व्हेनियाच्या माणसाचंही तसंच. लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. डिकीत कुलूप लावलं म्हणजे कुठेही नेता येतं असं त्यांना वाटतं. फोपा फक्त पार जाणाऱ्याला आहे, येऊन राहणाऱ्याला नाही.

वाटेत जेवायला, पेट्रोल भरायला, झोपायला थांबलं तर?

पेट्रोल, बाथरूम, एखादा चहा यावर सहसा कुणी हरकत घेत नाही. रात्रीचा मुक्काम मात्र धोक्याचा आहे आणि त्याचं कारण एका खऱ्या प्रकरणात दिसतं. २००५ मध्ये युटाचा एक माणूस पेन्सिल्व्हेनियाला निघाला होता. न्यूअर्कला त्याचं पुढचं विमान हुकलं, बॅग परत ताब्यात आली आणि रात्र हॉटेलात काढावी लागली. बॅगेत कुलूपबंद, रिकामी पिस्तूल होती. सकाळी विमानतळावर त्याने नियमाप्रमाणे स्वतःहून ती जाहीर केली. तिथेच अटक झाली आणि काही दिवस तुरुंगात गेले. नंतर आरोप मागे घेतले गेले, पण त्याने दावा लावला तेव्हा २०१० मध्ये संघीय अपील कोर्टाने सांगितलं की हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती, म्हणून फोपा लागू नाही. त्याने लपवाछपवी काहीच केली नव्हती. प्रामाणिकपणे सांगितलं, तरीही हे झालं.

म्हणून मुक्काम अशा राज्यात ठरवा जिथे तुमचं पर्मिट चालतं किंवा लागत नाही. त्यासाठी शंभर मैल जास्त चालवावं लागलं तरी चालवा. आणि पिस्तूल बरोबर असताना न्यूअर्क, जेएफके, लाग्वार्डिया या विमानतळांवर विमान बदलावं लागेल असं तिकीट घेऊ नका.

माझ्याकडे पर्मिट आहे आणि मी पोलिसाला स्वतःहून सांगितलं, तर समजून घेतील ना?

ऑक्टोबर २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई न्यू जर्सीतून गाडी चालवत होती. पेन्सिल्व्हेनियाचं पर्मिट तिच्याकडे होतं. वाहतूक पोलिसांनी गाडी थांबवल्यावर तिने स्वतःहून पर्मिट आणि पिस्तूल दोन्हींची माहिती दिली. तिला अटक झाली आणि किमान साडेतीन वर्षांच्या सक्तीच्या कैदेची टांगती तलवार डोक्यावर आली. देशभर ओरड झाली आणि अखेर २०१५ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी तिला माफी दिली. तिच्या मागे देश उभा राहिला म्हणून ती सुटली. आपल्यापैकी प्रत्येकाच्या मागे देश उभा राहील असं नाही, आणि ग्रीन कार्डवाल्याला तर गव्हर्नरच्या माफीपर्यंतचा वेळही मिळेलच असं नाही.

गाडी थांबवली तर बोलायचं काय?

दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. रात्र असेल तर आतला दिवा लावा. मिशिगन, नॉर्थ कॅरोलायना यांसारख्या काही राज्यांत शस्त्र लपवून बाळगलं असेल तर पोलिसाला लगेच सांगणं बंधनकारक आहे. बाकी बऱ्याच ठिकाणी विचारल्यावर सांगावं लागतं. सांगताना ‘गन’ या शब्दाने सुरुवात करू नका, ‘माझ्याकडे परवाना आहे’ इथून करा. मग ‘पिस्तूल उजव्या कमरेला आहे. तुम्ही सांगाल तसं करतो,’ असं म्हणा आणि सांगेपर्यंत हात हलवू नका. लायसन्स काढायला खिशाकडे हात नेण्याआधीसुद्धा तसं बोलून दाखवा. शेजारी बसलेल्या बायकोलाही हे आधी सांगून ठेवा, कारण घाबरून पर्स उघडणारा हात पोलिसाला दिसतो, पर्समध्ये काय आहे ते दिसत नाही.

झडतीला नम्रपणे नकार देता येतो: ‘मी झडतीला संमती देत नाही.’ त्यावर त्याने झडती घेतलीच तर अडवायचं नाही, वाद कोर्टात होतो.

आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत, गाडीत तेही असतील. काही अडचण?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात आणि खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. पिस्तूल गाडीत आहे हे ज्याला माहीत आहे आणि ती ज्याच्या हाताला लागू शकते, त्याच्याकडेही ती होती असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतो. आईबाबा बी-२वर, मेहुणा एफ-१वर, म्हणजे तिघांनाही बंदी. म्हणून पेटी कुलूपबंद, पेटी डिकीत आणि किल्ली फक्त परवानाधारकाच्या खिशात. कुलूप आकड्यांचं असेल तर आकडा कुणाला सांगू नका. शस्त्र गाडीत ठेवून गाडी त्यांना चालवायला तर मुळीच देऊ नका. घरातही हाच नियम पाळा. बायको एच-४वर आणि नवरा नागरिक असेल, तर तिजोरीचा आकडा तिला माहीत नसलेलाच बरा.

मॅगझिन आणि गोळ्यांचे वेगळे नियम असतात का?

असतात. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेक्टिकट, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया इथे १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर (पिस्तुलात बसणाऱ्या, गोळ्या भरायच्या सुट्या पेटीवर) बंदी आहे. टेक्सासमधून नव्या पिस्तुलाबरोबर आलेलं १७ गोळ्यांचं मॅगझिन तिथे स्वतंत्र गुन्हा होतं. फोपाच्या मजकुरात शस्त्र आणि गोळ्यांचा उल्लेख आहे, मॅगझिनचा नाही, त्यामुळे तो आधार कच्चा आहे. वाटेत अशी राज्यं असतील तर १०चंच मॅगझिन न्या. न्यू जर्सीत पोकळ टोकाच्या गोळ्यांवरही घराबाहेर कडक निर्बंध आहेत आणि नेमक्या याच गोळ्या स्वसंरक्षणासाठी सर्रास विकल्या जातात.

गणपतीच्या कार्यक्रमाला पर्मिट असलेली पिस्तूल नेली तर?

आपल्या मंडळांचे कार्यक्रम कुठे होतात ते आठवा. गणेशोत्सव, दिवाळी, नाटक, बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या सभागृहात. शाळेच्या आवारात शस्त्र नेणं बहुतेक राज्यांत पर्मिट असूनही गुन्हा आहे, आणि दिवस रविवार होता, शाळा बंद होती, ही सबब चालत नाही. देवळांबाबत राज्याराज्याचा नियम वेगळा आहे. देवस्थानाने दारावर मनाई लावली असेल तर ती पाळायचीच.

शाळेबद्दल एक संघीय कायदाही आहे. बारावीपर्यंतच्या कोणत्याही शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत शस्त्र बाळगायला त्यात मनाई आहे, सार्वजनिक रस्तासुद्धा त्यात येतो. ज्या राज्यात ती शाळा आहे त्याच राज्याने परवाना दिला असेल तर सूट मिळते. म्हणजे परराज्याने तुमचं पर्मिट मानलं तरी संघीय कायद्याच्या शब्दांत ती सूट बसत नाही, आणि परवाना लागतच नसलेल्या राज्यात परवाना न काढलेल्यालाही ती मिळत नाही. गावातून गाडी नेताना शाळा टाळणं जवळपास अशक्य आहे. रिकामं शस्त्र कुलूपबंद पेटीत असेल तर मात्र हा कायदा आड येत नाही. परराज्यातल्या गावांतून जाताना मला हाच पर्याय पटतो.

नॅशनल पार्कमध्ये?

२२ फेब्रुवारी २०१० पासून पार्क ज्या राज्यात आहे त्या राज्याचे नियम तिथे लागू होतात. यलोस्टोन वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या तीन राज्यांत पसरलेला आहे, म्हणजे एका दिवसाच्या फेरफटक्यात तीन कायदे. व्हिजिटर सेंटर, रेंजर ऑफिस अशा सरकारी इमारतींत मात्र नेता येत नाही, दारावर पाटी असते.

विमानाने न्यायची असेल तर?

केबिन बॅगेत कधीच नाही. २०२३ मध्ये अमेरिकी विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य भरलेल्या होत्या. जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो की बॅगेत होती हे विसरलो. दंड हजारो डॉलरचा असतो, प्रीचेक (विमानतळावरची झटपट तपासणीची सवलत) काही वर्षं जातं आणि स्थानिक पोलिसांचा गुन्हा वेगळा.

चेक-इन बॅगेतून नेता येते. पिस्तूल रिकामी करा, मॅगझिन काढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्याने आणि बोटाने दोन्हींनी तपासा. कडक कवचाच्या पेटीत ठेवून कुलूप लावा. पेटीचा कोपरा ओढला तर फट पडून बोट आत जाता कामा नये. स्वस्त प्लॅस्टिकच्या पेट्यांना एकच कुलूप लावलं तर अशी फट पडते, म्हणून दोन्ही कड्यांना कुलपं लावा. किल्ली तुमच्याकडेच राहील. गोळ्या मूळ खोक्यात किंवा तशाच बंदिस्त डब्यात, बऱ्याच एअरलाइन्स ५ किलोपर्यंत नेऊ देतात. काउंटरवर हळू आवाजात ‘मला एक रिकामं शस्त्र जाहीर करायचं आहे’ असं सांगा. ते एका चिठ्ठीवर सही घेतात. परतीच्या प्रवासातही पुन्हा जाहीर करावं लागतं. आणि ज्या गावी उतरणार तिथला कायदा वेगळा पाहायचाच, एअरलाइनने बॅग घेतली म्हणजे तिथे चालतं असं नाही.

ट्रेन आणि बस?

ॲमट्रॅकमध्ये २०१० च्या डिसेंबरपासून फक्त चेक-इन सामानातून, तेही किमान २४ तास आधी फोन करून आणि जिथे चढणार-उतरणार त्या दोन्ही स्टेशनांवर सामानाची सोय असेल तरच. ग्रेहाउंड बसमध्ये अजिबात नाही.

परराज्यात गेल्यावर तिथेच स्वस्तात विकत घेतली तर?

हँडगन दुकानातून आपल्या राहत्या राज्यातच घेता येते. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मित्राने भेट दिली तरी ती थेट हातात घेता येत नाही, तुमच्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्यामार्फत यावी लागते. राज्य कायमचं बदलत असाल तर आधी नव्या राज्याचा नियम पाहा. कॅलिफोर्नियात राहायला गेल्यावर ६० दिवसांत शस्त्राची नोंद करावी लागते.

गाडीत गांजाच्या गमीज (चघळायची मिठाई) असतील तर? आमच्या राज्यात कायदेशीर आहेत.

राज्यात असतील, संघीय कायद्यात नाहीत. बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याला शस्त्र बाळगायला संघीय बंदी आहे. दोन्ही गोष्टी एका गाडीत ठेवू नका. ग्रीन कार्डवाल्यांनी तर गमीजचा विचारच सोडावा.

कॅनडात नायगाराची दुसरी बाजू पाहून येऊ म्हणतो. पेटी डिकीतच राहील.

नाही. फोपा अमेरिकेची हद्द संपते तिथे संपतो. कॅनडात हँडगनवर कडक निर्बंध आहेत आणि सीमेवर सापडली तर जप्ती आणि अटक होते. मेक्सिकोत एक सुटी गोळी सापडली तरी तुरुंगाची वेळ येते. सीमेजवळ जायचं असेल तर पिस्तूल घरीच ठेवा.

आणि भारतात जाताना?

भारतात न्यायचा तर प्रश्नच नाही. पण रेंजवर वापरलेली बॅग नंतर कपडे भरून भारतात जाते आणि तिच्या अस्तरात एखादं काडतूस अडकून राहिलेलं असतं. अमेरिकेत ते सुटून जातं. दिल्ली-मुंबईत परतीच्या तपासणीत एक्स-रेला दिसतं आणि शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. काडतूस जवळ असल्याची जाणीवच नव्हती, या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर पासपोर्ट, विमान आणि नोकरी सगळं लटकतं. रेंजच्या बॅगेला वेगळा रंग द्या, तिच्यावर चिठ्ठी लावा आणि तिला घराच्या तळघरातून प्रवासी सामानात कधीही येऊ देऊ नका. मुलाने आठवण म्हणून खिशात ठेवलेली गोळी जॅकेटमध्ये असू शकते, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक जॅकेटचे खिसे उलटे करून पाहा.